मुकादम हायत का?

अक्का, परवा सकाळी तुमचा फोन वाजला. मागं रबर लावून बॅटरी धरून ठेवलेला, तोच. दादांनी तो माझ्याकडं आणून दिला होता. "तुज्याकडंच असू दे, वाजला की माज्या छातीत धस्स हुतंय," म्हणाले. माझ्याही छातीत तेच होतं, पण मोठ्या दिराला हे सांगणार कसं? मी शिलाई मशीनवर बसले होते. पाय थांबवला आणि फोन उचलला.

"मुकादम हायत का?" पलीकडून एक माणूस म्हणाला. कळंबच्या रस्त्यावरच्या कुठल्याशा गावचा. कुणीतरी तुमचा नंबर दिला होता. सोयाबीनमध्ये गवत माजलंय, खुरपायला बाया कधी येतील, असं विचारत होता.

त्या वारल्या, एवढंच मला म्हणायचं होतं. किती साधं वाक्य आहे. दारात आलेल्या प्रत्येकाला आपली म्हातारी सासू ते रडत रडत सांगतेय, गावातल्या पोराटोरांनाही ते म्हणता येतंय. मी मात्र म्हणाले, "व्हय, बोला." आणि मग तुमच्यासारखीच विचारत गेले, रान किती, पाण्याची सोय काय, सावलीला झाड हाय का. गाडी तुमची का आमची, तेही ठरवलं. फोन ठेवला तेव्हा कळलं की मेलेल्या माणसानं टोळीचं काम घेतलंय. मी मशीनवर डोकं टेकून बसून राहिले.

हे मी का लिहितेय, तेही सांगते. तुमच्या पुण्यानुमोदनाला सगळं रीतसर झालं. पांढरी लुगडी, मेणबत्त्या, त्रिसरण, पंचशील. मग बौद्धाचार्यांनी विचारलं, सुमनबाईंबद्दल कुणाला दोन शब्द बोलायचेत का? सगळ्या बायांनी माझ्याकडं पाहिलं. घरात बी.ए. झालेली मीच, जाऊही मीच, बोलणार दुसरं कोण. मी उठले, माईक हातात घेतला आणि उभी राहिले. नुसती उभी. मग कुणीतरी माईक काढून घेतला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "एरवी त्वांड बंद हुत न्हाय हिचं."

मला रडू आलं नव्हतं, अक्का. मला काहीच झालं नव्हतं. मी तुमच्या फोटोकडं पाहत होते आणि वाटत होतं, आता ह्या उठतील आणि म्हणतील, चला गं माय, पात धरा, ऊन चढलं.

आपलं भांडण अर्धं राहिलंय. मी तिथूनच सुरू करते, कारण दुसरं कुठून सुरू करायचं ते मला समजत नाही.

कॉलेजात आमच्या सरांनी एकदा मुकादम शब्द फोड करून सांगितला होता. मूळ अरबी. फारसी कारभारातून आपल्याकडं आला, निजामाच्या अमलात इथल्या कागदोपत्री चांगला मुरला. अर्थ काय, तर पुढं केलेला. पुढं झालेला नाही, इतरांनी पुढं केलेला. आणि जुन्या काळी बऱ्याच ठिकाणी गावच्या पाटलालाच मुकादम म्हणायचे. मी घरी येऊन हे तुम्हाला सांगितलं. तुम्ही चुलीपुढं भाकरी थापत होता. तुमचा हात परातीतच राहिला.

"म्हंजी ज्याच्या ओट्याखाली आपला आजासासरा बसायचा, त्याचं नाव मला लागलंय व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. "पाटलापासून घसरत घसरत शब्द टोळीवाल्यापर्यंत आला."

"घसरला कशानं? आपल्याकडं आला म्हन की."

आणि मग तुम्ही जे हसत सुटलात, ती भाकरी तव्यावर काळी झाली. दुसऱ्या दिवशी पाटलांचा नातू मोटारसायकलवरून जाताना नेहमीसारखं म्हणाला, "काय मुकादम, कुठं आज?" तुम्ही पदर सावरून म्हणालात, "आता आमी हाव मुकादम. आदी तुमीच व्हता म्हनं." त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही. पुढं महिनाभर टोळीत त्याच्यावरून हसणं चाललं होतं.

मुकादमीण म्हटलेलं तुम्हाला चालत नव्हतं. एकानं तसं हाकारलं तर तुम्ही ओ दिली नाही. "मुकादमीण म्हंजी मुकादमाची बायकू. आमचे मालक तर शेरडं राखत्यात." आणि घरात माझ्या लेकीनं भावावर हुकूम सोडला की तुम्हीच तिला दटावायचा, "लई मुकादमी करू नकू गं." स्वतःला लावलेला शब्द पोरीला दटावायला कसा वापरता, म्हणून मी डिवचायची. "ती नुसतं सांगतीया, पात कुठं धरतीया?" हे तुमचं उत्तर.

खरं भांडण वेगळंच होतं. तुम्ही मुकादम झालात कशा, हे ते भांडण.

आधी आपल्या टोळीला एक बाप्या मुकादम होता. बांधावर छत्री उघडून बसायचा, पायावर पाय टाकून. तुमचं माहेर ढोकीकडचं, उसाच्या टोळ्यांचे मुकादम तुम्ही लहानपणापासून पाहिलेले. "मुकादम म्हंजी छत्री, हे म्या परकरात असल्यापासून वळखते," असं तुम्ही म्हणायचा. त्या दिवशी गयाबाईंचा गुडघा धरला होता, त्या मागं पडल्या. तो बांधावरूनच त्यांना काहीतरी घाण बोलला. सगळ्या बायांची खुरपी थांबली. कुणीतरी जाऊन त्याला सांगायला पाहिजे होतं. सगळ्या एकमेकींकडं बघत होतो. आणि तुम्ही चालत बांधावर गेलात आणि म्हणालात, "उद्यापासून येऊ नका. आमचं आमी बगतो."

मी त्या रांगेत तुमच्यापासून तिसरी होते. मी पाहिलं होतं, गयाबाईंनी तुम्हाला मागून कोपर मारलं. म्हणून तुम्ही निघालात. मी हे पन्नासदा सांगितलं असेल. बघा, सरांनी सांगितलेला अर्थ बरोबर आहे, तुम्हाला पुढं केलं. आणि तुम्ही पन्नासदा नाकारलंत.

"कुनी ढकाललं न्हाय. म्या गेले."

"गयाबाईंनी कोपर मारलं."

"तिचा गुडगा दुकत व्हता, तिनं आधार घेतला आसंल."

गयाबाईंना विचारलं की त्या तोंडाला पदर लावून हसायच्या आणि खुरपायला लागायच्या. तुमच्यापुढं त्या कधी साक्ष देणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.

मला ते कोपर का हवं होतं, सांगू? ज्याला चारजणींनी पुढं केलं, त्याला चारजणी थांबवूही शकतात. आणि जो आपणहून पुढं झाला, तो कुणाचं ऐकत नाही. तुम्ही ऐकत नव्हता. खुरपणीच्या रांगेतली कडेची पट्टी, बांधाकडची पात, तुम्ही कुणाला धरू दिली नाही. गवत तिथंच कमरेएवढं असतं, नांगर तिथं पोचत नाही, बिळं तिथंच असतात. बाकीच्या टोळ्यांत ती पात नवीन आलेल्या बाईच्या गळ्यात मारतात. आपल्यात ती मुकादमाची. जोडीला शेजारी गयाबाई, आणि त्यांची अर्धी पातही तुम्हीच ओढायचा. काम सुरू व्हायच्या आधी तुम्ही काठीनं सगळा बांध बडवून काढायचा, मग हाक द्यायचा, आणि त्या हाकेशिवाय एकही खुरपं जमिनीला लागायचं नाही.

येरमाळ्याच्या बाजारातून मी गमबूट आणले. काळे, तुमच्या मापाचे. तुम्ही हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले, आत हात घालून पाहिला आणि खुंटीला अडकवले.

"समद्या चपला घालून, आन् म्या येकली बुटात? त्या छत्रीवाल्यात आन् माज्यात फरक काय ऱ्हायला मग?"

"बांधाकडं तुम्ही असता. त्या नसतात."

"मंग समद्यांना आन."

सगळ्यांना कुठून आणणार होते मी? आपण दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या डब्यात ठेचा घातला आणि भांडण मिटलं असं मी समजले. आज कळतंय, ते मिटलं नव्हतं. तुम्ही नुसता ठेचा घातला होता.

आता त्या दिवसाचं.

तळ्याकडचं रान होतं. जेवण करून दुसरी पात धरली होती. तुम्ही बांध बडवला का? मी रोज रात्री हेच आठवून पाहते. सकाळचं आठवतं, दुपारचं आठवत नाही. पोट भरलेलं होतं, ढग भरून आले होते, पाणी यायच्या आत रान उरकायचं म्हणून सगळ्यांना घाई होती. तुमची हाक मात्र आठवते. त्यानंतर थोड्या वेळानं तुमचा आवाज आला, एकदम शांत.

"लांबडं हाय. बांधाकडनं सरका. पळू नका, कुनी पळू नका."

रानात साप म्हणायचं नाही, हा तुमचा नियम. साप म्हटलं की बाया सैरावैरा पळतात आणि कुणाचा पाय नेमका त्याच्यावरच पडतो. तुम्ही गयाबाईंना दंडाला धरून आधी बाजूला केलंत. मग एकेकीला नाव घेऊन बोलावलंत, माझंही नाव घेतलंत, "सुनीता, हिकडून ये." सगळ्या मधल्या पातीत आल्यावर तुम्ही काठी टाकली आणि लिंबाखाली जाऊन बसलात. आम्हाला वाटलं, दमल्या. मी पाणी घेऊन आले. तुम्ही म्हणालात, "जरा काटा लागलाय." मी पायाकडं पाहिलं. पाय सुजायला लागला होता, आणि घोट्याजवळ जे होतं ते काट्याचं नव्हतं.

अक्का, तुम्हाला चावल्याचं तुम्ही आम्हाला सगळ्यांत शेवटी सांगितलं. तेही मी पाहिलं म्हणून.

गाडी मिळाली, कळंबला नेलं. दवाखान्यातल्या माणसांनी धावपळ केली, जेवढं करायचं तेवढं सगळं केलं. घोणस होती. उशीर कुठं झाला ते मला ठाऊक आहे. तो लिंबाखाली झाला. त्याच्या आधी, नावं घेऊन घेऊन एकेकीला बोलावताना झाला. गाडीत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुम्ही म्हणालात, "गयाची पात अर्दी ऱ्हायली." मी तुमच्यावर ओरडले. गप बसा म्हणाले. त्यानंतर तुम्ही खरंच गप बसलात.

अजून माझा विश्वास बसत नाही. सकाळी तुम्ही माझ्या दारातून हाक मारून गेलात, चहा उष्टावून गेलात. तुमचं खुरपं परत आलं, डबा परत आला, डब्यात अर्धी भाकरी होती. माणूस कसं काय येत नाही? मी स्वयंपाक करताना अजून तुमच्या वाटणीचं पीठ मळते, मग त्याची दशमी करून पोरांना देते. दादा शेरडं घेऊन जातात आणि दुपारी नेहमीच्या वेळी येऊन विचारतात, आली का गं. मग त्यांचं त्यांनाच आठवतं. मी आत जाते.

राग आहे माझा तुमच्यावर, खूप आहे. दुसरं काहीतरी वाटायला पाहिजे, पण आधी हाच येतो. पुढं असणं म्हणजे सगळ्यांच्या वाटचं एकटीनं झेलणं, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? सरांनी सांगितलेल्या अर्थात हे नव्हतं. माझ्याकडूनच तर तुम्ही तो अर्थ ऐकला होता.

आणि तरी, माझ्या परीक्षा चालू होत्या तेव्हा माझी पात कुणी ओढली? लग्नानंतर कॉलेज सोड म्हणणाऱ्या सासूपुढं कोण उभं राहिलं? "ती शिकंल, तिची पात म्या धरते, घरातलीबी आन् रानातलीबी." मी पेपर लिहायला कळंबच्या एसटीत बसायची आणि तुम्ही दोन्ही लेकरं कडेवर घेऊन फाट्यावर उभ्या. मी तुम्हाला एकदाही बरं केलंत असं म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणायची पद्धतच नाही, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालते, पण ती नीट पटत नाही. आता म्हणते. बरं केलंत, अक्का.

त्या फोनचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं.

संध्याकाळी बाया पाराजवळ भेटल्या. मी म्हणाले, कळंबच्या रस्त्यावरचं एक रान धरलंय.

"कुनी धरलं?" एकीनं विचारलं.

"मुकादमांनी," मी म्हणाले. मग मी सगळं सांगितलं. कुणी मला वेडी म्हणालं नाही. तुम्ही गेल्यापासून टोळी कामाला गेली नव्हती, घरोघरची थंड चूल सगळ्यांना दिसत होती. एकजण डोळे पुसत म्हणाली, "त्यांनी धरलंय तर जायाच पायजे."

काल गेलो. मी गमबूट पिशवीत घालून नेले. का नेले, माहीत नाही. धुऱ्यावर, रानाच्या तोंडाशी, सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या, नेहमीसारख्या, आणि बांधाकडची पात मोकळी राहिली. कुणी तिकडं सरकेना. मग गयाबाई त्या गुडघ्यानिशी लंगडत निघाल्या. तुम्ही गेल्यापासून त्या धड जेवलेल्या नाहीत. "म्या धरते ती," म्हणाल्या. "माज्यामुळंच गेली ती."

मी त्यांच्या वाटेत आडवी झाले. "तुमच्यामुळं नाही," मी म्हणाले.

गयाबाईंनी खुरपं कमरेला खोचलं.

"तू म्हनत व्हतीस ते खरं हाय," त्या म्हणाल्या. "तवा म्याच ढकाललं व्हतं सुमनला. कोपरानं. तिला ठाव व्हतं. म्हनायची, कुनाला बोलू नकू, न्हायतर समद्या तुला जबाबदार धरतील, उद्या मला काय झालं तर."

अक्का, ऐकताय ना? मी जिंकले. इतकी वर्षं भांडले, आणि तिथं चिखलात उभी राहून मी जिंकले, आणि ज्यांना सांगायचं त्या नाहीत. तुम्ही पुढं झाला नव्हता, तुम्हाला पुढं केलं होतं, आणि उद्या काही झालं तर गयाबाईंना बोल लागू नये म्हणून तुम्ही माझ्याशी आयुष्यभर खोटं भांडलात.

मग बरगडीखाली काहीतरी टोचलं. गयाबाईंचं कोपर.

"आन् आता तुला ढकालते. व्हय गं बायांनो?"

सगळ्या व्हय म्हणाल्या.

मी पिशवीतून बूट काढून घातले. तुमच्या मापाचे, मला ढिले होतात. बोटांकडं पदराचा तुकडा फाडून कोंबला. मग रांगेकडं तोंड करून म्हणाले, मला पुढं केलंय तर ऐका. हे बूट बांधाच्या पातीचे आहेत, मुकादमाचे नाहीत. पातीगणिक बाई बदलेल, बूट तिच्या पायात जातील. गयाबाई सोडून. साप दिसला तर साप म्हणायचं, मोठ्यानं. पळायचं मात्र नाही. आणि कुणाला काही चावलं, टोचलं, लागलं, तर आधी स्वतःचं सांगायचं. सगळ्यांच्या आधी. तुमच्या नियमात मी ढवळाढवळ केली, अक्का. भांडायचं असेल तर या.

काठीनं बांध बडवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पात धरून वाकले. सगळ्या वाकल्या होत्या आणि कुणाचंच खुरपं चालत नव्हतं. मीही वाकून थांबले होते, वाट बघत. शेवटी शेजारून गयाबाई हळूच म्हणाल्या, "हाक दे की गं."

मी हाक दिली. "चला गं माय." आवाज चिरकला, पण खुरपी लागली.

पहिली पात अर्ध्यावर आली तेव्हा रानाचा मालक पाण्याची घागर घेऊन बांधावर आला. साधा माणूस, डोक्याला टॉवेल. बायांवरून नजर फिरवून त्यानं विचारलं, "मुकादम कोन हायत? काल फोनवर बोललेल्या?"

मी उभी राहिले. बुटात पाय डगडगत होते.

"मुकादम वारल्या," मी म्हणाले. "मला पुढं केलंय."

त्यानं डोक्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. घागर सावलीला ठेवली. मी खाली बसले, डोळ्यांतलं दंडाला पुसलं आणि शेजारी पाहिलं. गयाबाईंची पात अर्धी राहिली होती, ती ओढायला घेतली.